खर्चाचा आकडा कोणाच्या हाती?

मोटारगाडीने एक किलोमीटर धावताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडावा, याची मर्यादा सरकार घालते. ती कितपत कडक असावी, हे अखेर एका आकड्यावर ठरते : इंधन वाचवणाऱ्या तंत्रामुळे गाडीची किंमत किती वाढेल? हा आकडा कारखानदाराला ठाऊक असतो आणि तो फुगवून सांगण्यात त्याचे हित असते. म्हणूनच हवामान बदलावर बोलणाऱ्या समाजवादी कार्यकर्त्याला या रूक्ष हिशेबाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या धुरातील काही विषारी घटक ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले, तेव्हा डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांनी हे अशक्यप्राय असल्याचा गिल्ला केला. त्यांना मुदतवाढ मिळाली हे खरे. परंतु १९७५ पासून धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक बसवलेल्या गाड्या तेथे सर्रास विकल्या जाऊ लागल्या. होंडा या जपानी कंपनीने तर त्या वर्षीची मर्यादा उत्प्रेरकाशिवायच गाठून दाखवली.

पुढे २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हरितगृह वायू हेही त्या कायद्याच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला आणि २०१० मध्ये मोटारींसाठी त्यांची पहिली राष्ट्रीय मानके आली. या कामी पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपन्यांच्या शब्दावर न विसंबता, सरकारी खर्चाने इंजिने व गिअरबॉक्स पार सुटे करवून घेतले. प्रत्येक भागाचा धातू, वजन, मजुरी व यंत्रकाम मोजून खर्च काढला. उत्पादन वाढेल तसा तो किती उतरेल याचा अंदाज बांधला. त्यावर व्यवस्थापन व नफ्याची भर घातली. ‘ओमेगा’ नावाचे तिचे संगणकीय प्रतिमान असे आकडे घेऊन, ठरलेली मर्यादा प्रत्येक कंपनी किती कमी खर्चात गाठू शकेल हे शोधते. हे प्रतिमान सर्वांसाठी खुले ठेवण्यात आले. जे व्यापारी गुपित होते ते सार्वजनिक ज्ञान झाले, हे या पद्धतीचे महत्त्व.

अर्थात प्रतिमानात जे घालावे तेच बाहेर येते. २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने मानके २०२० च्या पातळीवर गोठवण्याचा प्रस्ताव मांडला. त्यासाठी वापरलेल्या परिवहन खात्याच्या प्रतिमानातून निष्कर्ष निघाला की, मानके सैल केल्यास गाड्या स्वस्त होतील आणि तरीही रस्त्यावरील गाड्यांची संख्या २०२९ पर्यंत ६० लाखांनी घटेल! वस्तू स्वस्त झाली की खप वाढतो, हे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने ही विसंगती दाखवून दिली. हिशेब खुला होता म्हणूनच ती सापडली. २०२० मध्ये अंतिम नियम आला तेव्हा सरकारच्याच आकडेमोडीत ३ टक्के वटावाने सुमारे १३ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा, तर ७ टक्के वटावाने सुमारे १६ अब्जांचा फायदा निघाला.

हा वटाव नीट समजून घ्यावा. पन्नास वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीला आज किती लेखायचे? २ टक्के दराने सुमारे ३७ रुपये; ७ टक्के दराने साडेतीन रुपयेसुद्धा नाहीत. गाडी घेणाऱ्याचा आजचा खर्च पैनपै मोजला जातो, आणि जो कधीच गाडी घेणार नाही त्या उन्हात राबणाऱ्या मजुराच्या नातवंडांचे नुकसान वटावात विरून जाते. दर कोणता धरावा हा म्हणूनच राजकीय निर्णय आहे. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, जुलै २०२५ मध्ये, तर या मानकांचा कायदेशीर पायाच काढून घेण्याचा प्रस्ताव आला. खुला हिशेब आवश्यक असला तरी त्यामागे लोकशक्ती नसेल तर तो टिकत नाही.

भारतातही २०१७-१८ पासून कंपनीच्या सरासरीवर मर्यादा आहे. किलोमीटरला १३० ग्रॅमवरून ती २०२२-२३ मध्ये ११३ ग्रॅमवर आली. एप्रिल २०२७ पासूनच्या टप्प्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात लहान पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली, आणि वाद जुंपला तो कंपन्या-कंपन्यांमध्ये. एक कंपनी गरीब ग्राहकाचा कैवार घेते, दुसरी पर्यावरणाचा. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र या वादात जागा नाही.

आपली मागणी स्पष्ट असावी. तंत्राचा खर्च सरकारने स्वतः मोजावा आणि तो, वटावाच्या दरासह, नियम होण्यापूर्वी लोकांपुढे ठेवावा. त्यासाठी लागणारे तंत्रज्ञ पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये आहेत. ही संस्था मोटारउद्योगाने केंद्र सरकारच्या साथीने १९६६ मध्ये उभारली, म्हणून तेथील मोजमाप जाहीर होणे अधिकच अगत्याचे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगार संघटनांनीही ही मागणी उचलून धरावी. गाडीच्या प्रत्येक भागाला किती श्रम लागतात, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?