पुढच्या रांगेतल्या मायबापांनो

मी बाल्कनीतला प्रेक्षक. तिकीट काढताना आधी खिसा चाचपतो, मग रांग ठरवतो. पण वर बसल्यामुळे मला एका तिकिटात दोन नाटकं दिसतात. एक रंगमंचावरचं आणि दुसरं खाली, महागड्या खुर्च्यांमधलं.

परवाचंच घ्या. दुसऱ्या अंकात बाप मुलाची माफी मागायला आला होता. शब्द सापडत नव्हते, नाट्यगृह गपगार. तेवढ्यात दुसऱ्या रांगेत एक फोन उजळला. आवाज बंद होता, त्यामुळे मालक निर्धास्त. पण त्यावरचं क्रिकेटचं हिरवं मैदान मला बाल्कनीतून दिसलं. मग चार हातांवरच्या नटाला काय दिसलं असेल?

पुढची खुर्ची महाग असते, कारण ती जवळ असते. तिथून नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. पण रंगमंचावरचा उजेड तुमच्याही अंगावर सांडत असतो, तुमची जांभई त्यालाही दिसते. आम्ही वरचे अंधारात लपून जातो. तुम्हाला ती सोय नाही.

नटांचं हे फोनबद्दल सांगून झालंय. २०१९ मध्ये सुमीत राघवन यांनी नाशिकला फोनपायी प्रयोग थांबवला. त्याच सुमारास, हे असंच चालणार असेल तर नाटकात काम न केलेलं बरं, असं सुबोध भावे यांनी जाहीरपणे म्हटलं. आता जरा आपण प्रेक्षकांनीच एकमेकांना सांगू या.

फोन नुसता मुका करू नका, बंद करा. घरी कुणी आजारी असेल, फोन जवळ हवाच असेल, तर मागची, कडेची खुर्ची मागून घ्या आणि फोन आला की बाहेर जा.

तिसरी घंटा झाल्यावर पोहोचलात, तर दाराशी थांबा. प्रवेश बदलताना अंधार होतो, तेव्हा जागेवर जा. 'एफ सात कुठंय हो?' हा संवाद लेखकानं लिहिलेला नसतो.

वेफर्सचं पाकीट मध्यंतरात फोडा. बटाटेवडाही तेव्हाच गरम असतो. मूल रडलं तर त्याला घेऊन खुशाल बाहेर जा, कुणी नावं ठेवणार नाही. पास मिळालाय पण जमणार नसेल, तर तो वेळेत परत करा. रिकामी पहिली रांग नटाच्या मनाला फार लागते.

आणि पडदा पडल्यावर कलाकार नमस्काराला उभे असताना पार्किंगकडे धावू नका. दोन मिनिटांनी गाडी काही पळून जात नाही.

पुतळ्यासारखं बसा, असं मी म्हणत नाही. हसा, टाळ्या द्या, डोळे पुसा. संगीत नाटकांना आपली माणसं 'वन्समोर' ओरडायची, तेही भर प्रयोगात. पण त्या ओरडण्यात नाटकच होतं. फोनमध्ये डोकं घातलेला माणूस मात्र नाट्यगृहात असून नसतो.

एवढं केलंत, तर मला वरून एकच नाटक दिसेल. पैसे मी त्याचेच दिलेत.