वास्तुविशारद कायदा : नावाला संरक्षण, कामाला वाली कोण?

गृहप्रकल्पासाठी ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाने स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी आणि बांधकामाच्या प्रगतीच्या प्रमाणातच ती काढावी, अशी तरतूद २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, म्हणजेच ‘रेरा’त आहे. ही रक्कम काढण्यापूर्वी अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल अशा तिघांनी बांधकामाची प्रगती प्रमाणित करावी लागते. कर्ज काढून घर घेणाऱ्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी या तीन स्वाक्षऱ्यांच्या भरवशावर असते.

या तिघांपैकी सनदी लेखापालांसाठी १९४९ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. अभियंत्यांच्या सक्तीच्या नोंदणीसाठी मात्र १९७२ मध्ये असा कायदा नव्हता आणि त्यानंतरच्या पाच दशकांतही तो झाला नाही. वास्तुविशारद कोणाला म्हणावे, हे ठरवताना ‘रेरा’ १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याचाच आधार घेतो. त्यामुळे या कायद्याने स्थापन झालेली वास्तुकला परिषद, तिची रचना आणि तिचे आचारनियम हा केवळ एका व्यवसायाचा अंतर्गत प्रश्न राहत नाही. घर बांधणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाशी त्याचा संबंध येतो.

कायद्याची मर्यादा

वास्तुविशारदांची संघटना भारतात या कायद्याच्या बरीच आधी उभी राहिली होती. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या संघटनेला १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे नाव मिळाले. परंतु ती स्वेच्छेने सभासद होणाऱ्यांची संस्था होती. तिच्या शिस्तीबाहेर राहून कोणीही आपल्या दारावर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावू शकत असे. स्वातंत्र्यानंतर बांधकामाचा व्याप वाढला, तसा अपात्र व्यक्तींनी हे नाव वापरण्याचा प्रश्नही वाढला. त्यावर उपाय म्हणून संसदेने कायदा केला आणि १ सप्टेंबर १९७२ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे ३७ वे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती किंवा वास्तुविशारदांची भागीदारी संस्था यांखेरीज कोणालाही वास्तुविशारद हे नामाभिधान वापरता येणार नाही, असे ते सांगते. उद्याने आणि मोकळ्या जागांची आखणी करणारे ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि जहाजांचे आराखडे करणारे ‘नेव्हल आर्किटेक्ट’ यांना त्यातून वगळले आहे. तसेच केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीने एखाद्या विशिष्ट प्रकल्पासाठी काम करणाऱ्या परदेशी वास्तुविशारदांनाही सूट आहे.

मात्र हे कलम नावावर बंधन घालते की कामावर, हा वाद अनेक वर्षे न्यायालयांत चालू होता. नॉएडा प्राधिकरणातील ‘असोसिएट आर्किटेक्ट’ या पदासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी त्याचा निर्णय दिला. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले, की ३७ वे कलम केवळ नामाभिधानाचे संरक्षण करते. इमारतींचे आराखडे तयार करणे किंवा बांधकामावर देखरेख ठेवणे या कामांवर नोंदणीकृत वास्तुविशारदांचा एकाधिकार नाही. मात्र ज्या पदाच्या नावात ‘आर्किटेक्ट’ हा शब्द आहे, त्या पदावर नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ठेवता येणार नाही.

कायद्याच्या उद्देशपत्रिकेशी हा अर्थ सुसंगतच होता. अभियंते आणि बांधकामाशी संबंधित इतर व्यावसायिक आपले नेहमीचे काम करीत राहतील, त्यांनी फक्त स्वतःला वास्तुविशारद म्हणवून घेऊ नये, अशीच संसदेची भूमिका होती. वकिली आणि वैद्यक या व्यवसायांशी तुलना केली, तर यातील फरक लक्षात येतो. सनद नसलेल्या व्यक्तीला न्यायालयात वकील म्हणून व्यवसाय करता येत नाही. नोंदणी नसलेल्याला आधुनिक वैद्यकाची चिकित्साही करता येत नाही. इमारतीचा आराखडा मात्र नोंदवहीबाहेरची व्यक्ती तयार करू शकते. तिला कितपत मुभा द्यायची, हे स्थानिक बांधकाम नियमावली ठरवते. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वास्तुविशारदाबरोबरच परवानाधारक अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांची पात्रता व कामाच्या मर्यादा स्वतंत्रपणे दिल्या आहेत.

नियम कोणासाठी?

येथे एक विसंगती निर्माण होते. नोंदवहीत नाव असलेल्या वास्तुविशारदाला १९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांनी बांधून घेतले आहे. त्याने आपल्या सेवेची जाहिरात करू नये, असे हे नियम सांगतात. आपण केलेल्या इमारतीवर त्याला स्वतःचे नाव लावता येते, परंतु अक्षरांची उंची दहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, इतक्या बारकाईने मर्यादा आखलेली आहे. कोणाकडूनही दलाली स्वीकारू नये, परिषदेने ठरवलेल्या सेवाशर्ती आणि शुल्काचे प्रमाण पाळावे, अशीही बंधने आहेत. गैरवर्तनाची तक्रार आली आणि चौकशीत ती सिद्ध झाली, तर परिषद त्याला समज देऊ शकते, निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव नोंदवहीतून काढून टाकू शकते.

हेच काम ‘डिझायनर’, ‘कन्सल्टंट’ किंवा ‘प्लॅनर’ अशा एखाद्या नावाखाली करणाऱ्याला यांपैकी एकही नियम लागू होत नाही. तो जाहिरात करू शकतो, वाटेल त्या दरात काम घेऊ शकतो आणि चूक झाल्यास परिषदेच्या चौकशीला सामोरे जाण्याचा प्रश्नच त्याच्यापुढे येत नाही. एवढेच नव्हे, तर नोंदवहीतून नाव काढले गेलेली व्यक्तीही केवळ पाटी बदलून पूर्वीचे बरेचसे काम चालू ठेवू शकते. शिस्तीचा भार ती स्वीकारणाऱ्यावर पडतो आणि तिच्याबाहेर राहणारा मोकळा राहतो. ज्या व्यवस्थेत प्रामाणिकपणाचा खर्च एकाच बाजूला सोसावा लागतो, ती व्यवस्था नागरिकाचे संरक्षण कितपत करू शकेल, हा खरा प्रश्न आहे.

नामाभिधानाचे संरक्षण तरी कितपत परिणामकारक आहे? नाव बेकायदा वापरल्यास पहिल्या अपराधाला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड, आणि पुन्हा अपराध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद १९७२ च्या कायद्यात करण्यात आली. पन्नास वर्षांपूर्वी ५०० रुपये ही लहान रक्कम नव्हती. आज एका साध्या घराच्या आराखड्याच्या शुल्कापुढेही ती नगण्य ठरते. त्यातही परिषदेने किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीने तक्रार केल्याखेरीज न्यायालय अशा अपराधाची दखल घेऊ शकत नाही. म्हणजे फसवणूक झालेल्या ग्राहकाला या कायद्याखाली थेट न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही.

परिषदेत कोण बसते?

एखादी नियामक संस्था कोणाच्या हितासाठी चालते, हे तिच्या रचनेवरून कळते. वास्तुकला परिषदेवर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने आपल्या सभासदांतून निवडलेले पाच आणि वास्तुकला शिक्षणसंस्थांच्या प्रमुखांनी आपल्यातून निवडलेले पाच सदस्य असतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे दोन, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचे दोन आणि सर्वेक्षकांच्या संस्थेचा एक प्रतिनिधी असतो. संरक्षण आणि रेल्वे खात्यांचे मुख्य वास्तुविशारद व केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागातील वास्तुविशारद विभागाचे प्रमुख पदसिद्ध सदस्य असतात. केंद्र सरकार एका सदस्याची नेमणूक करते. याखेरीज प्रत्येक राज्य सरकार एक वास्तुविशारद नेमते. राज्यांची संख्या पाहता परिषदेतील हाच सर्वांत मोठा गट ठरतो.

या यादीत दोन घटकांचा अभाव जाणवतो. पहिला सामान्य वास्तुविशारदाचा. देशातील नोंदणीकृत वास्तुविशारदांची संख्या आता एक लाखाहून अधिक आहे; परंतु ज्या परिषदेला ते नोंदणी आणि नूतनीकरणाचे शुल्क भरतात, तिच्या निवडणुकीत त्यांना थेट मत नाही. १९७२ मध्ये इन्स्टिट्यूटच्या सभासदांना संपूर्ण व्यवसायाचे प्रतिनिधी मानणे सोयीचे होते. तिचे सभासदत्व ऐच्छिक असताना आज तसे मानणे कठीण आहे. दुसरा अभाव घर घेणाऱ्या आणि इमारत वापरणाऱ्या नागरिकाचा. त्याच्यासाठी कायद्याने एकही जागा राखून ठेवलेली नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रात परिषदेचे स्थान अलीकडे अधिक भक्कम झाले आहे. कोल्हापूरच्या श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस या शिक्षणसंस्थेशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेल्या निकालानुसार, वास्तुकलेच्या पदव्या आणि पदविकांना मान्यता देण्याच्या बाबतीत १९७२ चा कायदा श्रेष्ठ ठरतो आणि तंत्रशिक्षण परिषदेला तेथे नियंत्रण ठेवता येत नाही. थोडक्यात, व्यवसायाच्या प्रवेशद्वारावर परिषदेची सत्ता वाढली आहे. आत आलेल्या वास्तुविशारदाचे ज्ञान पुढील तीस-चाळीस वर्षे अद्ययावत राहते की नाही, याबाबत मात्र कायदा मौन बाळगतो. नूतनीकरणासाठी त्यात शुल्काची अट आहे, ज्ञानाच्या पडताळणीची नाही.

ब्रिटनचा अनुभव येथे उपयुक्त ठरावा. तेथील १९९७ चा कायदाही नामाभिधानाचेच संरक्षण करतो. परंतु २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाल्यानंतर इमारतींच्या सुरक्षिततेचा विचार नव्याने झाला. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने तेथील नोंदणी मंडळाला वास्तुविशारदांच्या क्षमतेवर व्यवसायकाळातही लक्ष ठेवण्याचा अधिकार दिला. त्या मंडळावर व्यवसायाबाहेरचे नागरिकही सदस्य असतात.

पुढची दिशा

आराखड्याचे सर्व काम केवळ नोंदणीकृत वास्तुविशारदांसाठी राखून ठेवावे, ही या व्यवसायातून वारंवार होणारी मागणी समजण्यासारखी असली, तरी ती सध्याच्या परिस्थितीत व्यवहार्य नाही. खेड्यांत आणि लहान शहरांत अनेक घरे अभियंता, आरेखक आणि अनुभवी गवंडी यांच्या मदतीनेच उभी राहतात. त्यांच्यावर बंदी घातल्यास ही कामे थांबणार नाहीत. ती कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर होऊ लागतील आणि पैसे घेऊन केवळ सही देण्याच्या प्रवृत्तीला उत्तेजन मिळेल.

याउलट, काम सर्वांना खुले ठेवायचे असेल, तर जबाबदारीही सर्वांवर सारखीच असली पाहिजे. मंजुरीच्या नकाशावर किंवा प्रगतीच्या प्रमाणपत्रावर जो स्वाक्षरी करतो, तो वास्तुविशारद असो वा अभियंता, त्याला समान आचारनियम आणि समान चौकशी लागू व्हावी. वास्तुकला परिषदेपुरते बोलायचे, तर नोंदणीकृत वास्तुविशारदांना थेट मतदानाचा अधिकार देणे, नागरिकांच्या प्रतिनिधींना स्थान देणे, दंडाच्या रकमा कालानुरूप ठरवणे, शिस्तभंगाच्या चौकशीचे निर्णय ग्राहकाला सहज पाहता येतील असे प्रसिद्ध करणे आणि नूतनीकरणाला सातत्यपूर्ण शिक्षणाची जोड देणे, या सुधारणा आवश्यक आहेत. यांतील बहुतेक गोष्टींसाठी मूळ कायद्यात दुरुस्ती करावी लागेल आणि ते काम संसदेचे आहे.

१९७२ मध्ये संसदेपुढे प्रश्न होता, तो अपात्र व्यक्ती वास्तुविशारद म्हणवून घेतात याचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्या कायद्याची कक्षा निश्चित केली आणि तिच्याबाहेर काय राहते, हेही त्यातून स्पष्ट झाले. आज घर घेणाऱ्या ग्राहकाला आराखड्यावर कोणती उपाधी लिहिली आहे, यापेक्षा इमारतीत दोष निघाल्यास उत्तर कोणी द्यायचे, हे ठाऊक असण्याची अधिक गरज आहे. त्याची हमी आराखड्यावरील प्रत्येक स्वाक्षरीमागे उभी करणे हे पुढील सुधारणेचे उद्दिष्ट असावे.