जुन्या भांड्याला नवी कल्हई

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की त्यातले ताक कळकते. म्हणून पातेले कोणी भंगारात घालत नसे. दारावर आलेल्या कल्हईवाल्यापुढे ठेवत. दक्षिण फ्रान्समधल्या कादाराशच्या शास्त्रज्ञांनी वेगळे काही केले नाही. त्यांच्या ‘वेस्ट’ या अणुसंमीलन यंत्राने 12 फेब्रुवारी 2025 रोजी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, 1,337 सेकंद, म्हणजे 22 मिनिटांहून जास्त, टिकवून धरला. हे यंत्र मुळात 1988 मधले ‘तोर सुप्रा’. आतले कार्बनचे अस्तर काढून टंगस्टनचे चढवले आणि 2016 च्या अखेरीस ते नव्या नावाने पुन्हा सुरू झाले.

कार्बन उष्णता सोसतो, पण अणुसंमीलनाचे इंधन असलेले ट्रिटियम शोषून बसतो. हे दुर्मीळ, किरणोत्सारी इंधन भिंतीतच मुरू लागले तर वीजकेंद्र चालायचे कसे? टंगस्टनमध्ये ते फारसे मुरत नाही. मात्र त्याचे जड अणू प्लाझ्मात शिरले की प्लाझ्मा थंडावतो. कळकणे इथेही चुकत नाही! ब्रिटनमधल्या कलहॅमच्या ‘जेट’ला ते चांगलेच भोवले. 2009 ते 2011 यंत्र बंद ठेवून आत बेरिलियम व टंगस्टन बसवले, आणि सुरुवातीला कामगिरी पूर्वीपेक्षा खालावली. ती सावरायला दशक गेले. 1997 मध्ये सुमारे 22 मेगाज्यूल ऊर्जा देणाऱ्या या यंत्राने 2021 मध्ये 59 आणि 2023 मध्ये 69 मेगाज्यूल दिली. वीजबिलाच्या हिशेबात जेमतेम 19 युनिट; तीही उष्णता, वीज नव्हे, आणि त्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा याहून जास्त. संमीलनाची वीज दाराशी आली असे सांगत फिरणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

आम्हाला मात्र या विक्रमी आकड्यांपेक्षा जेटचे ते घसरणीचे दशक मोलाचे वाटते. कादाराशलाच उभ्या राहत असलेल्या महाकाय ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय संमीलन यंत्रामध्ये टंगस्टनची ही खोड पहिल्यांदा उघडी पडली असती, तर निस्तरणे किती महाग गेले असते! ईटरने 2024 मध्ये आतल्या भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन पत्करले. तिथे ट्रिटियमसह प्रयोग सुरू होण्याचे साल आता 2039 सांगितले जाते.

ईटरमध्ये भारतही भागीदार आहे. ईटरचे अवाढव्य क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला वेढणारे निर्वात आवरण, हजिऱ्यात घडले. जुने यंत्र नवे करण्याचे कामही इथे झाले: गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने 1989 मधल्या ‘आदित्य’ या संमीलन यंत्राचा 2016 मध्ये कायापालट केला. त्याची चर्चा फारशी झाली नाही. भूमिपूजनाला मंत्री मिळतो, अस्तर बदलायला कोण येणार? म्हणूनच नव्या यंत्राला मंजुरी देतानाच, दहा-पंधरा वर्षांनी ते उघडून आतून नवे करण्याची तरतूद त्याच कागदावर हवी. नूतनीकरणासाठी यंत्र बंद असण्याचा काळ ‘विलंब’ या रकान्यात टाकायचे लेखापरीक्षकांनीही थांबवावे.