पंचवीस गावे, तीन पंचायती

स्वित्झर्लंड म्हटले की बर्फ, गाई आणि सिनेमातली गाणी आठवतात. पण त्या देशाचा गावकारभार आपल्या सरपंच-ग्रामसेवकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे.

देश तसा लहान. क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. समुद्र कुठेच नाही. जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया आणि चिमुकले लिश्टेनश्टाइन यांनी तो वेढलेला आहे. दक्षिणेला आल्प्स, वायव्येला जुरा डोंगर. मधल्या पठारावर बहुतेक वस्ती आणि नांगरटीची शेती. डोंगरउतारावर गवत आणि गाई. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांवर नेतात, थंडी सुरू झाली की खाली आणतात. डोंगरांनी तोडलेल्या या खोऱ्यांना आपापला कारभार आपणच पाहायची जुनी सवय आहे.

१८४८ च्या घटनेने या सगळ्यांचे संघराज्य झाले. आज तिथे २६ कँटन आहेत. कँटन आकाराने आपला तालुका, फार तर लहान जिल्हा. पण अधिकाराने राज्यच. त्याची स्वतःची घटना, कायदे, न्यायालये आणि कर. त्याखाली दोन हजारांवर ग्राम व नगर संस्था. त्यासुद्धा स्वतः कर बसवतात.

यातला ग्लारुस हा कँटन पाहा. लोकवस्ती सुमारे ४० हजार. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे मतदार उघड्या चौकात जमतात, बोलतात आणि हात वर करून कायदे करतात. तिथे २५ ग्रामसंस्था होत्या. लहान गावांना खर्च पेलेना, पदांवर बसायला माणसे मिळेनात. २००६ साली सरकारने १० संस्था करण्याचा प्रस्ताव ठेवला. सभेत एका साध्या नागरिकाने उठून सांगितले, दहा नकोत, तीनच करा! सभेने त्याचेच ऐकले. काहींना ते पटले नाही, म्हणून २००७ च्या नोव्हेंबरात खास सभा झाली. तिथेही तीनच ठरल्या. १ जानेवारी २०११ पासून तीन संस्थांचा कारभार सुरू झाला. गावांची नावे मात्र गावांपाशीच राहिली.

आपल्याकडेही पंचायती एकत्र करा, असे आमचे म्हणणे नाही. मोठी बरी की लहान, हे ज्या त्या गावाने पाहावे. ध्यानात घ्यायचे ते एवढेच की, इतका नाजूक निर्णय लोकांनी भर सभेत, एकमेकांसमोर घेतला.

आपल्या ग्रामसभेची गणपूर्ती किती? मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती संख्या. तेवढीही माणसे जमत नाहीत म्हणून किती सभा तहकूब होतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि चार-दोन माणसे पाणंद, पाणीपुरवठा, घरकुलाची यादी ठरवून मोकळी होतात. नंतर पारावर बसून कुरकुर करण्यात काय हशील? पुढच्या सभेची दवंडी ऐकाल तेव्हा कामाला तासभर सुट्टी द्या, घरच्या बायाबापड्यांनाही सोबत घ्या आणि विषय वाचूनच सभेला जा. हात वर करायचा तर माणूस तिथे हजर लागतो.