लघुपटाला तिकीटबारी कुठे?

आरमोरीशेजारचे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटके रंगतात. प्रेक्षक तिकीट काढतो, कलावंताला मानधन मिळते. लघुपटाच्या स्वतंत्र छायालेखकाला असा आधार नाही. लग्नांच्या चित्रीकरणावर घर चालवावे आणि लघुपटातून ओळख मिळवावी, एवढीच वाट त्याच्यापुढे उरते. ओळखीचे मोल नाकारता येत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ला २०१० च्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा सन्मान लाभला, ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. परंतु लघुपट गाजला की नाव दिग्दर्शकाचे होते, छायालेखक मात्र पुन्हा कामाच्या शोधात पुण्या-मुंबईकडे वळतो. त्याला गावातच टिकवायचे, तर नाटकाच्या मंडपातच स्थानिक लघुपट तिकीट लावून दाखवावे लागतील. पुरस्काराने प्रतिष्ठा मिळते. पोट भरते ते प्रेक्षकाच्या तिकिटावरच.