कायमचे जाताना

मुले परदेशी स्थिरावली, भिवंडीच्या घरात दोघेच उरले आणि ‘आता इकडेच या’ असा आग्रह सुरू झाला, की तयारीच्या यादीत प्रथम येतात ती तिकिटे, व्हिसाचे शुल्क आणि लोणच्याच्या बरण्या. आरोग्याचा खर्च बहुधा अखेरीस आठवतो. माझ्या मते यादीची सुरुवातच त्याने व्हावी.

कॅनडाचेच पाहा. तेथील ‘सुपर व्हिसा’ आईवडिलांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहू देतो. परंतु किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचे संरक्षण देणारा, किमान १ वर्ष मुदतीचा आरोग्यविमा दाखवल्यावाचून तो मिळत नाही. हा हप्ता वयाप्रमाणे आणि आजारांप्रमाणे चढत जातो.

या विम्यातील एक अट तर भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीचे आजार ‘स्थिर’ असतील तरच अनेक पॉलिसी त्यांचा खर्च देतात. आणि स्थिर म्हणजे प्रकृतीला बरे वाटणे नव्हे. पॉलिसीत लिहिलेल्या कालावधीत औषध बदलले, मात्रा वाढली, काही पॉलिसींत तर ती कमी झाली, तरी आजार अस्थिर ठरू शकतो. ‘निघण्यापूर्वी एकदा दाखवून येऊ’ ही आपली रीत येथे महागात पडते ती अशी. म्हणून संपूर्ण तपासणी सात-आठ महिने आधी करून औषधे बसवून घ्यावीत. मात्र विमा नाकारला जाईल या भीतीने आवश्यक उपचार टाळणे हा निव्वळ वेडेपणा होय. त्यापेक्षा प्रवास पुढे ढकलावा. अर्जात आजार लपवणेही तितकेच घातक, कारण ऐन इस्पितळात ते उघडकीस येते.

अमेरिकेत नागरिक झालेल्या अपत्यामुळे ग्रीन कार्ड मिळाले, तरी ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा लगेच मिळत नाही. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, पण स्वतः वा जोडीदाराने तेथे नोकरी न केलेल्या व्यक्तीला सलग ५ वर्षांच्या वास्तव्यानंतरच त्यात हप्ता भरून प्रवेश मिळतो. मधली वर्षे खाजगी विम्यावर काढावी लागतात. तो हप्ता कोण भरणार, हे मुलांशी संकोच न करता आधीच बोलून घ्यावे.

इकडचा आरोग्यविमा मात्र ‘आता काय उपयोग’ म्हणून बंद करू नये. करमले नाही म्हणून परतलेल्यांची उदाहरणे कमी नाहीत, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

कागदपत्रांत आपल्या पिढीची मोठी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर ‘लक्ष्मीबाई’, आधार कार्डावर ‘लक्ष्मी’, विवाहापूर्वीचे आडनाव निराळे, कोठे वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे, कोठे नाही. परदेशी अधिकाऱ्याला ही एकच व्यक्ती आहे हे सहजी पटत नाही. जन्माची नोंद गावी झालेलीच नसेल, तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला स्थानिक निबंधकाकडून घ्यावा लागतो. या कामाला महिने लागतात. दलालाच्या घाईवर ते सोपवू नये.

पैशांचेही थोडे. कायमचे जाताना साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते, आणि त्यावरील व्याजातून मूळ ३० टक्के दराने कर कापला जातो. मागांचा गाळा वा गोदाम भाड्याने दिले असेल, तर भाडेकरूलाही तशीच कपात करून कर भरावा लागतो; हे त्याला आधीच सांगून ठेवावे. निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरातील हयातीचा दाखला भारतीय वकिलातीतून पाठवता येतो.

कुलमुखत्यारपत्र मात्र येथे असतानाच करावे आणि भिवंडीतच दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्यावे. परदेशातून करायचे म्हटले, की वकिलातीतील साक्षांकन, आणि कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क, असा फेरा गुडघेदुखीसकट पदरी पडतो.