गाय द्यावी, दावेंही द्यावें

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांत एक चाल रूढ झाली आहे. गांवांतील एखादा दुकानदार जाहीर करतो, कीं आमच्या विक्रींतील अमुक हिस्सा दूरदेशच्या गरीब कुटुंबास शेळी, कोंबड्या अगर गाय देण्याकडे लागेल. गिऱ्हाईक खूष, दुकानदारही खूष. ज्याच्या दारांत तें जनावर बांधलें जावयाचें, तो खूष होतो कीं नाहीं, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या चालीचें मूळ चांगलें आहे. डॅन वेस्ट नांवाचा इंडियाना प्रांतांतील एक शेतकरी स्पेनमधील यादवीच्या काळांत (१९३६–३९) तेथील उपाशी मुलांस दूध वाटण्याच्या कामावर होता. दूध थोडें, तोंडें फार. आज भरलेली वाटी उद्यां पुन्हा रिकामी! तेव्हां वाट्या भरीत बसण्यापेक्षां गायच कां देऊं नये, असें त्याच्या मनानें घेतलें. स्वदेशीं परतल्यावर त्यानें आपल्या ब्रदरेन पंथाच्या लोकांस हें पटविलें, आणि १९४४ सालीं १७ कालवडी जहाजानें पोर्तो रिको बेटाकडे गेल्या. आजची ‘हेफर इंटरनॅशनल’ ही संस्था त्यांतूनच उभी राहिली.

पण कालवडींपेक्षां त्यांच्याबरोबरची अट आम्हांस मोलाची वाटते. गाय घेणाऱ्यानें तिच्या पोटची पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबास द्यावी, अशी ती अट. म्हणजे आज ज्यानें हात पसरला, तोच उद्यां दाता होतो! आमच्याकडेही गोदान शेंकडों वर्षें चाललें. पण तें देणाऱ्याच्या परलोकासाठीं, आणि घेणारा भिक्षुक ठरलेला. वैतरणी तरून नेणाऱ्या त्या गाईचें दूध गरिबाच्या पोराच्या ओठास कधीं लागलें काय? घेणाऱ्यास कायमचा घेणारा ठेवणारें दान निराळें, आणि त्यास देणारा बनविणारें दान निराळें.

तथापि नुसती गाय देऊन भागत नाहीं. गाय रोज खाते. २००६ सालीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं पंतप्रधानांनीं जी मदत जाहीर केली, तींत दुभत्या गाई सरकारी साह्यानें देण्याची योजना होती. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याजवळ ओला चारा नाहीं, उन्हाळ्यांत पाणी नाहीं, दूध घेणारी डेअरी जवळ नाहीं, त्याच्या गळ्यांत ती गाय पडली. घरच्या माणसांपेक्षां तिचेंच खाणें जड झालें, आणि कित्येकांनीं ती विकून टाकली. जें आपल्या डोळ्यांदेखत घडलें, तें समुद्रापार घडणार नाहीं, असें कोण म्हणेल?

म्हणून दात्या व्यापाऱ्यांस आमचें रोखठोक सांगणें आहे, कीं पैसे देण्यापूर्वीं विचारा: चारा कोठून येणार? गुरांचा डॉक्टर किती कोसांवर आहे? दूध विकत कोण घेणार? आणि शेणपाणी जिच्या माथीं येणार, त्या घरच्या बाईस कोणीं विचारलें काय? तिला गाईपेक्षां दोन शेळ्या परवडत असतील, तर शेळ्याच द्या. आणि त्या तिच्याच मालकीच्या करा.

गाय दिली आणि दावें आपल्या हातीं ठेवलें, तर तें दान नव्हे. ती दुकानाची जाहिरात होय.